पेठेचा संघ, कॉलनीचा संघ

जिल्ह्याच्या गावातला हौशी फुटबॉल संघ महाराष्ट्रात दोन जागी जन्माला आला. एक साहेबाने वसवलेल्या कॉलनीत, दुसरा गावाच्या जुन्या पेठेत. कॉलनीतल्या संघाचे खानदेशातले ठिकाण म्हणजे भुसावळचे रेल्वे जंक्शन. पेठेतल्या संघाचे राज्यातले सर्वांत मोठे उदाहरण कोल्हापूर. खेळ तोच, नियम तेच, पण कॉलनीतला संघ वरिष्ठांच्या मर्जीवर आणि बदलीच्या हुकमावर चालला, तर पेठेतला लोकवर्गणीवर आणि ईर्षेवर. आज कोल्हापुरात फुटबॉलच्या सामन्याला हजारोंची गर्दी होते आणि जळगाव-धुळ्यात होत नाही. या फरकाची कारणे खेळाडूंच्या अंगच्या गुणांत शोधण्यापेक्षा संघाचा मालक कोण, या प्रश्नात शोधलेली बरी.

फुटबॉल मुंबई इलाख्यात आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईत 1891 मध्ये रोव्हर्स करंडक सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. त्यानंतर कितीतरी वर्षे करंडकावर पलटणींचीच नावे कोरली जात राहिली. मुंबईची हार्वुड लीग 1902 मध्ये सुरू झाली आणि 1911 मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. आज ‘विफा’ म्हणून ओळखली जाणारी हीच संस्था महाराष्ट्राच्या फुटबॉलची शिखर संघटना आहे. त्याच 1911 मध्ये कोलकात्यात मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी आयएफए शिल्ड जिंकली आणि हा खेळ केवळ गोऱ्यांचा नाही हे देशभर समजले. रोव्हर्स करंडक भारतीय संघाच्या हाती यायला मात्र 1937 साल उजाडले. तो नेला बंगळूरच्या मुस्लिम संघाने.

मुंबईबाहेर खेळ पसरला तो छावणी, रेल्वे आणि इंग्रजी शाळा-कॉलेज या वाटांनी. पुण्याला छावणी होती, कोल्हापूरला संस्थानचे कॉलेज होते. खानदेशाच्या वाट्याला रेल्वे आली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली जीआयपी, घाट चढून खानदेशात उतरली ती 1860 च्या दशकात. भुसावळला तिचे दोन फाटे झाले. एक वऱ्हाडातून नागपूरकडे गेला आणि दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे. जबलपूरचा सांधा 1870 मध्ये जोडला गेला तेव्हा मुंबई ते कोलकाता हा सलग लोहमार्ग भुसावळवरून धावू लागला. एका सामान्य खेड्याचे जंक्शन झाले आणि जंक्शनभोवती इंजिनांचे शेड, दुरुस्तीचे कारखाने, ड्रायव्हर-गार्डांच्या चाळी, अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले. सुरतेहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आणि चाळीसगाव-धुळे फाटा हे दोन्ही मार्ग शतक बदलता बदलता, 1900 च्या सुमारास पुरे झाले. पुढे 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. म्हणजे आज ज्यांना आपण जिल्ह्याची गावे म्हणतो त्यांतले जळगाव त्या अर्थाने नवेच. त्याच्याआधी भुसावळची रेल्वे वसाहत वसलेली होती.

देशातल्या बहुतेक रेल्वे वसाहतींप्रमाणे भुसावळलाही खेळाचा कारभार ‘इन्स्टिट्यूट’भोवती फिरत असे. इन्स्टिट्यूट म्हणजे कर्मचाऱ्यांचा क्लब: नाचाचा हॉल, बिलियर्डचे टेबल, वाचनालय आणि बाहेर मैदान. सभासदांत पहिला भरणा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांचा. ड्रायव्हर, फोरमन, गार्ड या जागा मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे होत्या आणि हॉकी, फुटबॉल, बॉक्सिंग हे त्यांचे आवडते खेळ. हिंदी कर्मचाऱ्याला या वर्तुळात जागा मिळायला वेळ लागला. अशा वसाहतीत संघ बनत ते खात्यांचे. लोको, ट्रॅफिक, इंजिनिअरिंग अशी नावे घेऊन लोक मैदानात उतरत. ज्या गावात सामना होतोय त्या गावाचे नाव त्या जर्सीवर नसे. ही बाब बारीक वाटते, पण पुढचे बरेच काही तिच्यावरून ठरले.

रेल्वेचा माणूस बदलीचा माणूस. आज भुसावळला सेंटर फॉरवर्ड असलेला फिटर सहा महिन्यांनी इगतपुरीला किंवा इटारसीला. संघ टिकतो तो कागदावर, माणसे बदलत राहतात. त्यातच 1947 नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबांनी मोठ्या संख्येने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाची वाट धरली आणि रेल्वे वसाहतींच्या खेळातला एक अख्खा थर निघून गेला. रेल्वेने खेळ सोडला असे मात्र नाही. 1928 मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेच्या क्रीडा संघटनेने देशभरातून खेळाडू नोकरीत घेतले आणि 1960 च्या दशकात रेल्वेच्या संघाने संतोष करंडक तीनदा जिंकला. पण हीच यंत्रणा छोट्या वसाहतीच्या मुळावर आली. विभागात चमकलेला खेळाडू मुख्यालयाच्या संघात ओढला जाई आणि भुसावळ ज्या मध्य रेल्वेत येते तिचे मुख्यालय मुंबईत. रेल्वेच्या दृष्टीने ही बढतीच. भुसावळच्या मैदानासाठी ती गळती होती.

गिरण्यांचे चित्र याहून वेगळे नव्हते. जळगावची खानदेश मिल, अंमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप गिरण्या, चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल यांनी या पट्ट्यात हजारो कामगार एकत्र आणले. कामगारवस्तीत रुजला तो खेळ कुस्तीचा. जत्रेतल्या दंगलीला तालुक्याचा तालुका लोटायचा आणि आजही लोटतो. गिरण्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या आसऱ्याने चालणारे भजनी मंडळापासून व्यायामशाळेपर्यंतचे बरेचसे सार्वजनिक जीवन पांगले. स्वातंत्र्यानंतर भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र अशा नव्या वसाहती आल्या. त्यांच्यापाशी मैदाने होती, शिस्त होती, पण तीही कॉलनीच. फाटकाच्या आत खेळ, फाटकाबाहेर गाव.

हवा-मातीचाही यात हात आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. दुपारी चारला मैदानावर उभे राहणे ही तिथे शिक्षा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि तिथला फुटबॉल हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन थेट उन्हाळ्यापर्यंत दुपारच्या सामन्यांवर चालतो. अर्थात ऊन हे एकच कारण म्हणून पुढे करता येणार नाही. तेवढ्याच उन्हात खानदेशातली पोरे टेनिस बॉलचे क्रिकेट दिवसभर खेळतात.

कोल्हापूरची गोष्ट उलट्या दिशेने घडली. इथे खेळ वरून आला खरा, पण तो खाली कुणाच्या हाती पडला हे महत्त्वाचे. संस्थानात 1880 च्या सुमारास राजाराम कॉलेज उभे राहिले होते, रेसिडेन्सी होती, संस्थानची पायदळ तुकडी होती. इंग्रजी खेळांशी ओळख व्हायला एवढे पुरे. 1894 मध्ये गादीवर आलेल्या शाहू महाराजांचा स्वतःचा जीव कुस्तीत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते युरोपात गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि त्या धर्तीवर त्यांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधवले. 1912 मध्ये ते खुले झाले. त्यांनी पेठोपेठीच्या तालमींना आश्रय दिला. गावोगावच्या मुलांसाठी जातवार वसतिगृहे काढली. मराठा बोर्डिंग 1901 चे, मुस्लिम बोर्डिंग 1906 चे. शेकडो तरुण, मोकळी संध्याकाळ आणि एका चेंडूवर बावीस जणांची सोय करणारा खेळ, असा हा योग होता. क्रिकेटला बॅट, पॅड, स्टंप आणि दिवसभराची फुरसत लागते. फुटबॉलला ब्लाडर घातलेला एक चामड्याचा चेंडू पुरतो आणि त्या काळी तर बुटांचीही गरज नव्हती. देशाचा संघसुद्धा बूट सक्तीने घालू लागला तो 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ल्यावर.

शाहू महाराजांनंतर 1922 मध्ये राजाराम महाराज आले. त्यांचे काही शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले. मैदानी खेळांना दरबारचा पाठिंबा त्यांच्या कारकिर्दीत वाढला आणि 1940 च्या सुमारास कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे ‘केएसए’, आकाराला आली. राजाराम महाराजांचे निधन त्याच वर्षीचे. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण केएसएचे प्रमुखपद छत्रपती घराण्याकडेच राहिले. संस्थान गेले आणि खेळाचे संस्थान राहिले, असे म्हटले तर चालेल. मंगळवार पेठेत खासबागेला लागूनच छत्रपती शाहू स्टेडियम उभे राहिले आणि शहराच्या फुटबॉलला हक्काचे घर मिळाले. कुस्तीचे आणि फुटबॉलचे मैदान एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणे हा योगायोग असेल, पण कोल्हापूरच्या खेळाचा इतिहास सांगायला तो फार सोयीचा आहे.

कारण इथे फुटबॉल क्लबाने नव्हे, तालमीने उचलला. कोल्हापुरात तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौद नव्हे. ती पेठेची पंचायत आहे. तळमजल्यावर हौद, कोपऱ्यात मारुती, वर बसाउठायची खोली. पेठेचा गणपती तालीम बसवते, मोहरममध्ये पंजांची स्थापनाही तालीम करते आणि हिंदू-मुसलमान दोघे त्यात असतात. बाबूजमाल तालमीच्या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. शिवजयंती तालीम करते, पंचगंगेला पूर आला की बाहेर पडतात ती तालमीची पोरे. भांडण मिटवायचे असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, निरोप तालमीत जातो. एवढी सगळी कामे करणाऱ्या संस्थेने फुटबॉलचा संघ उतरवला, की तो संघ आपोआप पेठेचा होतो. त्याला वेगळे सभासद गोळा करावे लागत नाहीत.

सगळ्या तालमी फुटबॉलकडे वळल्या नाहीत. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांनी कुस्तीच धरून ठेवली आणि देशाला मल्ल दिले. इतर अनेक ठिकाणी मात्र हौदातल्या मातीची जागा हळूहळू मैदानाने घेतली. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम ही नावे वाचून परगावचा माणूस कुस्त्यांचा फड समजेल. ही फुटबॉल संघांची यादी आहे. त्यांच्या जोडीला तरुण मंडळे आणि क्लब: शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी फुटबॉल क्रीडा मंडळ, आणि पोलिसांचा स्वतंत्र संघ. कुस्तीला खुराक लागतो, दूध-बदामाचा खर्च लागतो, वर्षानुवर्षांची एकट्याची मेहनत लागते. संस्थानचा आश्रय आटल्यावर गिरणी-फाउंड्रीत काम करणाऱ्या घरातल्या पोराला तो परवडेना. फुटबॉलमध्ये मेहनत वाटून घेता येते आणि पेठेची अब्रू अकरा जणांना मिळून सांभाळायची असते. तालमींचा कल बदलायला एवढा हिशेबही पुरेसा होता.

पेठ म्हणजे इथे अवघी काही गल्ल्यांची वस्ती. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ या दोन मोठ्या प्रतिस्पर्धी. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा शिवाजी पेठेचे, पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवार पेठेचे, दिलबहार रविवार पेठेचा, जुना बुधवार नावाप्रमाणेच. शिवाजी विरुद्ध पाटाकडील असा सामना लागला की दोन्ही पेठांतली दुकाने दुपारनंतर ओस पडतात. प्रेक्षकांत बायका असतात, आज्या असतात. घरातला पोरगा खेळत असतो आणि नसला तरी शेजारचा असतो. मैदानात हलगी-कैताळ वाजते, जी कुस्तीच्या फडातून थेट इकडे आली. सामनावीराबरोबर ‘लढवय्या’ खेळाडूलाही बक्षीस देतात. हरलेल्या बाजूचा पण शेवटपर्यंत झुंजलेला खेळाडूही ते घेऊन जाऊ शकतो. कुस्ती पाहून तयार झालेल्या प्रेक्षकाला शोभणारीच ही रीत आहे.

हंगामाची सुरुवात खेळाडू नोंदणीने होते. कोण कुठल्या संघाकडून सही करणार याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत चवीने छापल्या जातात आणि पेठ बदलणाऱ्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. मग केएसएची वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा. त्यात 16 संघ असतात आणि तळाला राहणाऱ्याला खालच्या गटात उतरावे लागते. त्या खाली ए, बी, सी असे गट आहेत, तिथून संघ वर येतात. साखळी संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धांची रांग लागते: महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक. नावांवरूनच कळते की या स्पर्धांमागे महापालिका आहे, राजकीय पक्ष आहेत आणि उद्योजक आहेत. चंद्रकांत जाधव हे उद्योजक 2019 मध्ये आमदार झाले आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये वारले. फुटबॉलचे पाठीराखे ही त्यांची शहरातली मोठी ओळख होती. एखाद्या पेठेतली मते एकगठ्ठा कुठे भेटतील, तर ती स्टेडियमच्या पायऱ्यांवर, हे इथल्या पुढाऱ्यांना फार लवकर उमगले. त्यामुळे पैसा आला, बक्षिसांच्या रकमा वाढल्या, संघांचे पोशाख बदलले.

पैशाबरोबर बाहेरचे खेळाडूही आले. गेल्या काही वर्षांत तालमींनी आफ्रिकी देशांतले खेळाडू हंगामापुरते करारावर आणायला सुरुवात केली. पेठेतल्या गल्लीत नायजेरियन स्ट्रायकर भाड्याच्या खोलीत राहतोय आणि शेजारच्या घरातून त्याला भाकरी जातेय, असे दृश्य कोल्हापूरला नवे राहिले नाही. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, हेही खरे. पण पेठेतल्या पोराची जागा कोण घेतो, हा प्रश्न उभा राहिला आणि केएसएला परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. हौशी शब्दाचा अर्थ इथे सैल झाला आहे. खेळाडूला पगार नसला तरी मानधन असते, बक्षीस असते, कुणाच्या ओळखीने नोकरी असते. हे लपवण्यात आता फारसे कुणी वेळ घालवत नाही.

ईर्षेची दुसरी बाजू जुनी आणि ओंगळ आहे. पंचाच्या निर्णयावरून मैदानात घुसणे, प्रेक्षकांत दगडफेक, सामन्यानंतर पेठेच्या हद्दीवर हाणामारी, असे प्रकार अनेक हंगामांत घडले. पोलिस बंदोबस्त हा सामन्याच्या खर्चातला कायमचा भाग झाला. संघांवर आणि खेळाडूंवर बंदी घालण्याची, सामने थांबवण्याची वेळ संयोजकांवर आली. पेठेच्या संघाचे बळ ज्या ईर्षेत आहे तिचाच हा परिणाम असल्याने त्यावर सोपा उपाय नाही. खात्याच्या संघासाठी कुणी डोके फोडून घेत नाही, हे कॉलनीच्या फुटबॉलच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. मार्च 2020 मध्ये कोरोनाने हंगाम मध्येच थांबवला, तेव्हा कितीतरी वर्षांत पहिल्यांदा कोल्हापूरचा उन्हाळा फुटबॉलशिवाय गेला.

संस्थेच्या संघाचे आयुष्य मालकाच्या निर्णयापुरते असते, याची साक्ष मुंबईनेही दिली. एकेकाळी मुंबईच्या फुटबॉलवर कंपन्यांचे राज्य होते: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. देशाचा विजेता ठरलेला संघ चार वर्षांत एका निर्णयाने संपला. पेठेच्या संघाला असे कुणी बंद करू शकत नाही. फार तर तो खालच्या गटात जातो, वर्गणी कमी पडते, दोन हंगाम वाईट जातात आणि नवी पोरे आली की तो पुन्हा उठतो.

तालमीच्या फुटबॉललाही आपली सीमा आहे. शहराच्या ईर्षेत रमलेला खेळ शहराबाहेर जायला उत्सुक नसतो. एवढा प्रेक्षक असून कोल्हापूरचा संघ पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उभा राहिला नाही. पेठ सोडून ‘कोल्हापूर’ नावाच्या एका संघाला पाठिंबा देणे शिवाजी पेठेला आणि मंगळवार पेठेला सारखेच अवघड आहे. वैयक्तिक खेळाडू मात्र बाहेर पडले. अनिकेत जाधव हा त्यांतला सर्वांत ठळक. त्याची घडण झाली ती पुण्याच्या बालेवाडीतल्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत. ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, नंतर इंडियन ॲरोज आणि जमशेदपूर एफसीकडून. प्रशासनात छत्रपती घराण्यातले मालोजीराजे 2022 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून आले. आणि दर चार वर्षांनी विश्वचषक आला की कोल्हापूरच्या गल्ल्या अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात, चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे उंच कटआउट लागतात. पेठेला प्रतिस्पर्धी लागतोच. स्थानिक हंगाम नसेल तर तो दक्षिण अमेरिकेतून आणला जातो.

खानदेशातला फुटबॉल आज मुख्यतः शाळेच्या पटावर चालतो. जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तिन्ही जिल्हे क्रीडा खात्याच्या नाशिक विभागात येतात. 1960 मध्ये सुरू झालेल्या सुब्रोतो करंडकाच्या आणि शालेय स्पर्धांच्या फेऱ्या पावसाळ्याच्या दिवसांत, काळ्या चिखलात, तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी होतात. भुसावळला रेल्वे वसाहतीच्या शेजारी मिशनच्या शाळांनी मैदानी खेळ जपले. जळगावात उर्दू माध्यमाच्या शाळा आणि मुस्लिम वस्त्यांमधली तरुण मुले या खेळात आघाडीवर आहेत. धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा मोठा तळ आहे आणि पोलिसी खेळांची परंपरा त्याच्याबरोबर आली. सप्टेंबर 2017 मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ हाती घेतले, शाळाशाळांना चेंडू वाटले आणि एकाच दिवशी लाखो मुले फुटबॉल खेळली. त्यात खानदेशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळाही होत्या. अनेक शाळांपाशी फुटबॉलचा गोलखांब नव्हता. कबड्डीचे मैदान मात्र आखलेले होते.

शाळेचा संघही एका अर्थाने कॉलनीच्या संघासारखाच. दरवर्षी त्यातली पोरे बदलतात, क्रीडाशिक्षकाची बदली झाली की तो बसतो. विभागात चमकलेला मुलगा निवड चाचणीतून प्रबोधिनीत जातो, नाहीतर पुण्या-मुंबईच्या क्लबकडे. जो राहतो त्याला 19 वर्षांखालचा गट संपला की गावात खेळायला साखळी नसते. जिल्हा संघटनांच्या वार्षिक स्पर्धा आहेत, एखाद्या मंडळाचा किंवा नेत्याच्या वाढदिवसाचा चषक आहे, पण ते चार दिवसांचे काम. बाकीचे वर्ष तो पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी करतो. चौकाचौकांतली मंडळे गणपती बसवतात, नवरात्रात दांडिया करतात, दहीहंडी फोडतात. त्यांच्या वर्गणीच्या वहीत फुटबॉलचे पान अजून उघडलेले नाही.